इंजिनाची ताकद वाढविताना : जुनी बुलेट, नवी बुलेट आणि खिशाचा हिशेब

वऱ्हाडात मोटारसायकलला आजही अनेक घरांत 'फटफटी' म्हणतात. हा शब्द ज्या प्रकारच्या आवाजावरून पडला, तो आवाज बुलेटने पिढ्यान् पिढ्या टिकवून ठेवला. वडिलांनी किंवा आजोबांनी घेतलेली बुलेट पडवीतून बाहेर काढून पुन्हा रस्त्यावर आणावी, असे वाटणारे तरुण अमरावती आणि अकोल्यात आहेत. तसेच शोरूममधून नवी गाडी आणताच तिचा सायलेन्सर बदलू पाहणारेही आहेत. दोघांचा प्रश्न एकच असतो : थोडक्या पैशांत इंजिनाची ताकद वाढेल काय?

उत्तर मात्र दोघांसाठी वेगळे आहे. जुन्या इंजिनावरील खर्च हा प्रामुख्याने झिजेमुळे गेलेली ताकद परत मिळविण्याचा खर्च असतो, आणि तो योग्य क्रमाने केला तर सत्कारणी लागतो. नव्या इंजिनात स्वस्तात काढता येईल अशी ताकद कारखान्याने फारशी शिल्लक ठेवलेली नसते. तेथे केलेला स्वस्त बदल बहुधा तोट्याचाच ठरतो. असे का होते, कोणत्या कामाला आधी हात घालावा आणि कायदा कोठे आडवा येतो, याची ही माहिती.

'मसल कार' आणि आपली बुलेट

हा प्रश्न मूळचा अमेरिकेतला. मध्यम आकाराच्या मोटारीत मोठे आठ सिलिंडरचे इंजिन बसवायचे आणि ती सामान्य माणसाला परवडेल अशा किमतीत विकायची, हा तेथील 'मसल कार'चा मूळ विचार. १९६४ ची पाँटिअ‍ॅक जीटीओ ही या परंपरेची आरंभीची गाडी मानली जाते. घरच्या गॅरेजमध्ये इंजिन उघडून त्यात फेरबदल करण्याचा छंद तेथे याच गाड्यांच्या आधाराने वाढला. शेवरोलेचे १९५५ मध्ये आलेले 'स्मॉल ब्लॉक' इंजिन या मंडळींचे आवडते. कारण त्याची रचना साधी आणि सुटे भाग मुबलक. १९९७ पासून त्याच कंपनीची 'एलएस' मालिका आली आणि जुने इंजिन सुधारावे की नवे संगणक-नियंत्रित इंजिन घ्यावे, हा वाद तेथे सुरू झाला.

आपल्याकडे अशा मोटारी रस्त्यावर जवळजवळ नाहीतच. फोर्डने २०१६ मध्ये मस्टँग भारतात आणली, तेव्हा तिची किंमत ६५ लाख रुपयांच्या घरात होती. आपल्या मध्यमवर्गाने मोठे इंजिन, भारदस्त आवाज आणि स्वतः दुरुस्त करण्याजोगी रचना शोधली ती दुचाकीत. त्यामुळे जुन्या आणि नव्या इंजिनाचा हा वाद वऱ्हाडात समजून घ्यायचा तर बुलेटचेच उदाहरण घ्यावे लागते. सोबतीला हलक्या वजनाची यामाहा आरएक्स १०० आहेच.

एकाच नावाची तीन इंजिने

रॉयल एनफिल्ड बुलेट भारतात तयार होऊ लागली १९५५ मध्ये, मद्रासला. लष्कराने सीमेवरील गस्तीसाठी दिलेली मागणी हे त्याचे तात्कालिक कारण होते. तेव्हापासून गाडीचे नाव कायम राहिले; इंजिन मात्र बदलत गेले. जुनी गाडी घेताना किंवा सुधारताना आपल्यासमोर कोणते इंजिन आहे, हे ओळखणे ही पहिली पायरी होय.

पहिले इंजिन 'कास्ट आयर्न'. त्याचा सिलिंडर ओतीव लोखंडाचा असतो, म्हणून हे नाव. सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर, पिस्टनची धाव ९० मिलिमीटर आणि क्षमता ३४६ सीसी. ताकद सुमारे १८ अश्वशक्ती. गिअरपेटी इंजिनापासून वेगळी आणि दीर्घकाळ गिअरचा पाय उजवीकडे. ठिणगीसाठी 'पॉइंट', इंधनासाठी कार्बोरेटर. २०१० मध्ये दुचाकींना भारत स्टेज-३ हे प्रदूषणाचे निकष लागू झाले आणि त्या सुमारास हे इंजिन निर्मितीतून बाद झाले. दरम्यानच्या काळात ऑस्ट्रियातील एव्हीएल या संस्थेच्या साहाय्याने तयार झालेले अ‍ॅल्युमिनियमचे इंजिन काही मॉडेलमध्ये आले. मॅकिस्मो आणि थंडरबर्ड ही त्यांतील परिचित नावे.

दुसरे इंजिन 'यूसीई', म्हणजे इंजिन आणि गिअरपेटी एकाच कवचात. २००८ मध्ये ते थंडरबर्डमध्ये आणि २००९ मध्ये क्लासिकमध्ये आले. व्यास आणि धाव तीच, म्हणजे ७० आणि ९० मिलिमीटर. ताकद सुमारे १९.८ अश्वशक्ती. व्हॉल्व्हची फट तेलाच्या दाबाने आपोआप राखली जाते. ३५० सीसीच्या गाड्यांत कार्बोरेटर २०२० पर्यंत टिकला.

तिसरे इंजिन 'जे' मालिकेचे. नोव्हेंबर २०२० मध्ये मिटिऑर आणि सप्टेंबर २०२१ मध्ये क्लासिक ३५० या गाड्या ते घेऊन आल्या. व्यास ७२ मिलिमीटर, धाव ८५.८ मिलिमीटर, क्षमता ३४९ सीसी, ताकद ६,१०० फेऱ्यांना २०.२ अश्वशक्ती. इंधन संगणकाच्या हुकमतीखाली फवारले जाते आणि कंप कमी करण्यासाठी स्वतंत्र तोल-दांडा आहे.

या आकड्यांतून एक गोष्ट चटकन ध्यानात येते. पहिल्या आणि तिसऱ्या इंजिनात अर्ध्या शतकाहून अधिक काळाचे अंतर आहे, तरी ताकदीतील फरक जेमतेम सव्वादोन अश्वशक्तीचा. मधल्या काळातील अभियांत्रिकी खर्ची पडली ती धूर, तेलगळती आणि कंप कमी करण्यात आणि इंजिनाचे आयुष्य वाढविण्यात. म्हणून 'जुनी ती कमजोर आणि नवी ती ताकदवान' हे समीकरण येथे लागू पडत नाही. निगा राखलेले जुने इंजिन नव्याच्या फार मागे नसते. झिजलेले जुने इंजिन मात्र १८ पैकी किती अश्वशक्ती चाकापर्यंत पोहोचविते, हाच खरा प्रश्न असतो.

जुने इंजिन : कोणते काम आधी?

कास्ट आयर्न बुलेटची मोठी जमेची बाजू म्हणजे तिची रचना दीर्घकाळ फारशी बदलली नाही. त्यामुळे एका दशकातील अनेक भाग दुसऱ्या दशकातील गाडीला चालतात आणि जिल्ह्याच्या ठिकाणी लेथवाला, वेल्डर आणि जाणता मिस्त्री यांच्या मदतीने बहुतेक कामे होतात. परंतु हीच सोय कधीकधी घात करते. आधी कोणता दोष आहे हे न पाहता भाग बदलत गेल्यास खर्च वाढतो आणि गाडी आहे तशीच राहते. खर्चाचा क्रम पुढीलप्रमाणे असावा.

पहिले काम तपासणीचे. सिलिंडरमधील दाब मापकाने मोजून घ्यावा. दाब कमी आढळल्यास प्लगच्या छिद्रातून थोडे इंजिन ऑईल आत सोडून पुन्हा मोजावा. दाब वाढला, तर पिस्टन-रिंग किंवा सिलिंडर झिजले आहे. वाढला नाही, तर व्हॉल्व्ह नीट बसत नसल्याची शक्यता अधिक. निळसर धूर म्हणजे तेल जळत आहे, काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जात आहे. अल्प खर्चाच्या या तपासणीमुळे अनावश्यक रिबोअर टळू शकते.

दुसरे काम ठिणगीचे. पॉइंटमधील फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर राखावी लागते. पॉइंट घासले, कंडेन्सर कमजोर झाला किंवा वेळ मागेपुढे सरकली, तर पेट्रोल जळते पण ताकद मिळत नाही. चांगल्या प्रतीची इलेक्ट्रॉनिक ठिणगी-व्यवस्था बसविणे हा जुन्या बुलेटवरील सर्वांत फलदायी बदलांपैकी एक आहे. तिच्यामुळे इंजिनाची कमाल शक्ती वाढत नाही. मात्र किक मारण्याचा त्रास कमी होतो आणि ठिणगीची वेळ स्थिर राहते.

तिसरे काम कार्बोरेटरचे. आतील सरकता भाग आणि सुई झिजल्या असतील, तर कितीही 'ट्युनिंग' केले तरी मिश्रण जुळत नाही. अशा वेळी जुना कार्बोरेटर वारंवार साफ करण्यापेक्षा त्याच मापाचा नवा बसविणे अंती स्वस्त पडते. मोठ्या तोंडाचा कार्बोरेटर लावण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो. इंजिनाला तेवढी हवा ओढताच येत नसेल, तर त्याने शहरातील कमी वेगावर गाडी उलट अडखळते.

चौथे काम हेडचे. व्हॉल्व्ह आणि त्यांची बैठक घासून घट्ट बसविणे, गाईड झिजले असल्यास बदलणे, हवा येण्याचा मार्ग स्वच्छ करणे आणि गॅस्केटची कड मार्गात आडवी येत नाही हे पाहणे, एवढेच करावे. काळजीपूर्वक केलेल्या या कामातून जुन्या इंजिनाची बरीचशी गेलेली ताकद परत येते.

पाचवे आणि सर्वांत खर्चिक काम रिबोअरचे. तपासणीत सिलिंडर झिजल्याचे निश्चित झाले तरच ते करावे. 'बोअर वाढविला की इंजिन मोठे होते' हा समज गणिताला टिकत नाही. ७० मिलिमीटरचा व्यास अर्ध्या मिलिमीटरने वाढविला तर क्षमता ३४६ वरून ३५१ सीसी होते. एक मिलिमीटरने वाढविला तर ३५६, म्हणजे वाढ तीन टक्क्यांच्या आतच. रिबोअरने मिळते ती ताकद सिलिंडरमधील दाब परत आल्याने मिळते, आकार वाढल्याने नव्हे. शिवाय प्रत्येक रिबोअरबरोबर सिलिंडरची भिंत पातळ होते, म्हणून ही संधी मोजकीच असते. इंजिन उघडलेच आहे, तर कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाचे बेअरिंग आणि तेलाचा पंप त्याच वेळी तपासावा. रिबोअरनंतर पहिले पाचशे किलोमीटर ताशी ५० किलोमीटरच्या आत, इंजिनाला अधूनमधून विसावा देत चालवावेत; घाई केल्यास सगळा खर्च वाया जातो.

हेड घासण्याचा मोह

याखेरीज एक बदल स्वस्त आणि आकर्षक वाटतो : हेड लेथवर घासून सिलिंडरमधील दाबाचे प्रमाण वाढविणे. जुन्या बुलेटचे हे प्रमाण ६.५ ते ७.२५ च्या दरम्यान, म्हणजे आजच्या मानाने फार कमी आहे. 'जे' मालिकेत ते ९.५ आहे. प्रमाण वाढले की ताकद वाढते, हे शास्त्र खरेच. परंतु नव्या इंजिनाचे ज्वलनकक्ष, तेलप्रवाह आणि बेअरिंग त्या दाबासाठी आखलेले असतात, जुन्याचे नसतात. जादा दाबासोबत जादा उष्णता येते आणि ती बाहेर टाकण्यासाठी जुन्या इंजिनाकडे केवळ वाहत्या हवेचा आधार असतो. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा त्या हवेचीही मदत कमी होते. मग इंजिन ठोके देऊ लागते, पिस्टन भाजतो आणि स्वस्तातला बदल दुसऱ्या रिबोअरवर जातो.

याच कारणासाठी जुन्या बुलेटमध्ये महागडे 'प्रीमियम' पेट्रोल टाकण्यातही अर्थ नाही. जास्त ऑक्टेनचा उपयोग जास्त दाबाच्या इंजिनाला होतो. सातच्या आसपास प्रमाण असलेल्या इंजिनाला साधे पेट्रोल पुरेसे असते. तेच पैसे वेळच्या वेळी इंजिन ऑईल बदलण्यावर घालावेत.

आरएक्स १००चे वेगळे गणित

भारतात १९८५ ते १९९६ या काळात तयार झालेली यामाहा आरएक्स १०० अनेक अर्थांनी बुलेटच्या उलट टोकाला आहे. ९८ सीसीच्या दोन-धावी इंजिनातून ११ अश्वशक्ती आणि गाडीचे वजन शंभर किलोच्या आसपास. प्रत्येक लिटर क्षमतेमागे हिशेब केला तर कास्ट आयर्न बुलेट सुमारे ५२, 'जे' मालिका ५८ आणि आरएक्स तब्बल ११२ अश्वशक्ती देते. म्हणजे या इंजिनातून कारखान्यानेच भरपूर काढून घेतले होते.

तरीही सिलिंडरमधील छिद्रे मोठी करणे, हेड घासणे आणि सायलेन्सर बदलणे हे प्रकार याच गाडीवर सर्वाधिक होतात. दोन-धावी इंजिनात सायलेन्सरचा आकार हा इंजिनाचाच भाग असतो. बाहेर जाणारे ताजे मिश्रण परत ढकलण्याचे काम तो करतो. त्यामुळे आकार न जुळणारा सायलेन्सर लावला, की आवाज वाढतो आणि कमी वेगावरील ओढ नाहीशी होते. छिद्रे एकदा मोठी केली की ती पूर्ववत होत नाहीत, आणि मूळचा सिलिंडर आता सहज मिळत नाही. म्हणून आरएक्सधारकांनी मूळ सिलिंडर राखणे, क्रँकची सील बदलणे आणि रीड व्हॉल्व्हच्या पात्या तपासणे यावरच खर्च मर्यादित ठेवावा. जुन्या सीलमधून शिरणारी हवा मिश्रण पातळ करते, आणि पातळ मिश्रण हे दोन-धावी इंजिन 'जाम' होण्याचे प्रमुख कारण आहे.

नवे इंजिन : स्वस्त बदल महाग का पडतो?

एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ निकष लागू झाले. त्यानंतरच्या दुचाकीत संगणक, प्राणवायू मोजणारा संवेदक आणि धूर शुद्ध करणारा उत्प्रेरक यांची साखळी असते. संवेदक बाहेर जाणाऱ्या वायूतील प्राणवायू मोजतो, संगणक त्यानुसार पेट्रोलचे प्रमाण ठरवितो. या साखळीतील एक कडी बदलली की बाकीच्यांचा हिशेब चुकतो.

सर्वांत लोकप्रिय बदल म्हणजे मोकळा सायलेन्सर. मूळ सायलेन्सरसोबत बहुधा उत्प्रेरकही जातो. संगणकाला ठाऊक असलेली हवेची चाल बदलते, मिश्रण पातळ होते आणि सायलेन्सर फुटल्यासारखे आवाज करू लागतो. कानाला ताकद वाढल्याचा भास होतो. प्रत्यक्षात मधल्या वेगावरील ओढ अनेकदा घटलेली असते. धुराच्या चाचणीतही फरक पडतो. ३१ मार्च २००० पूर्वीच्या दुचाकीला निष्क्रिय गतीवर कार्बन मोनॉक्साईडची ४.५ टक्क्यांपर्यंत मुभा आहे, त्यानंतरच्यांना ३.५ टक्के, भारत स्टेज-६ च्या गाडीला मात्र केवळ ०.५ टक्का. उत्प्रेरक काढलेली नवी गाडी या मर्यादेत बसणे अवघड असते.

संगणकाचा नकाशा बदलणे किंवा जोडसंगणक लावणे हा मार्ग शास्त्रशुद्ध असू शकतो. मात्र त्यासाठी चाकावरील ताकद मोजणारे यंत्र आणि त्यातील जाणकार लागतो. मोजमापाविना बसविलेला तयार नकाशा म्हणजे अंदाजपंचे कारभार होय. शिवाय अशा बदलाने कंपनीची हमी जाण्याची शक्यता असते, आणि विमा कंपनीला न कळविलेला बदल अपघातानंतर भरपाईच्या आड येऊ शकतो.

मग नव्या इंजिनावर काय करावे? हवेची गाळणी धुळीच्या दिवसांत लवकर बदलावी, थ्रॉटलचा मार्ग साफ ठेवावा, कंपनीने सांगितलेल्या प्रतीचेच तेल वापरावे, साखळीचा ताण आणि टायरमधील हवा नियमित तपासावी. कारखान्याने दिलेली २० अश्वशक्ती चाकापर्यंत पोहोचविण्याचा हाच सर्वांत स्वस्त मार्ग आहे.

ज्यांना खरोखरच अधिक ताकद हवी आहे, त्यांनी एक तुलना करून पाहावी. पुण्याजवळील चाकण येथे तयार झालेली आणि २०१३ मध्ये बाजारात आलेली केटीएम ड्यूक ३९० ही गाडी ३७३ सीसीतून ४३ अश्वशक्ती देत होती. तेवढ्याच आकाराच्या बुलेटच्या इंजिनातून ही ताकद काढण्यासाठी पिस्टन, हेड, क्रँक, क्लच, गिअर सारेच बदलावे लागेल. म्हणजे बुलेटची ड्यूक करण्याच्या खर्चापेक्षा वापरलेली वेगवान गाडी घेणे अधिक व्यवहार्य ठरते.

ऊन, घाट आणि २० टक्के इथेनॉल

वऱ्हाडातील वाहनधारकाने तीन स्थानिक गोष्टींचा विचार करणे आवश्यक आहे. पहिली उष्णता. १५ अंशांच्या तुलनेत ४५ अंश तापमानात हवेची घनता सुमारे ९ टक्क्यांनी घटते. हवा कमी, म्हणून ताकदही कमी. उन्हाळ्यात गाडी 'मारत नाही' ही तक्रार म्हणूनच दरवेळी इंजिनाच्या दोषाची नसते.

दुसरी उंची. परतवाड्याहून घाट चढून चिखलदऱ्याला पोहोचले की आपण सुमारे १,१०० मीटर उंचीवर असतो. समुद्रसपाटीच्या तुलनेत तेथील हवा जवळपास १० टक्के विरळ असते. कार्बोरेटर हा फरक स्वतःहून भरून काढू शकत नाही, त्यामुळे जुनी गाडी वर गेल्यावर काळा धूर सोडते. नव्या गाडीचा संगणक पेट्रोल आपोआप कमी करतो. या एका बाबतीत नवे तंत्र निर्विवाद सरस आहे. मात्र घाटावर जुळविलेला कार्बोरेटर खाली आल्यावर पातळ मिश्रण देतो, हेही विसरू नये.

तिसरी आणि आज सर्वांत महत्त्वाची बाब म्हणजे इथेनॉल. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट देशाने २०२५ मध्ये गाठले. पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी त्याच्या वजनाच्या सुमारे १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला सुमारे ९ पट. मिश्रणाचे प्रमाण त्यामुळे साडेतेरापर्यंत खाली येते. जुना कार्बोरेटर मात्र पूर्वीच्याच मापाने इंधन सोडतो, म्हणून इंजिन आठ टक्क्यांच्या आसपास पातळ मिश्रणावर चालते आणि अधिक तापते. जुन्या गाडीत मुख्य जेट एका मापाने मोठा करून प्लगचा रंग पाहावा; फिकट तपकिरी रंग समाधानकारक, पांढुरका रंग धोक्याचा. पेट्रोलमध्येच तेल मिसळणाऱ्या दोन-धावी गाडीच्या मालकांनी तर याकडे मुळीच दुर्लक्ष करू नये.

इथेनॉल जुने रबर आणि बुचाचे भाग खराब करते, तसेच हवेतील ओलावा शोषून घेते. पेट्रोलची नळी, टाकीचा कॉक आणि कार्बोरेटरमधील रबरी कडी इथेनॉलला टिकणाऱ्या प्रकारच्या घ्याव्यात. पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल, तर कार्बोरेटरची वाटी रिकामी करून ठेवावी. जुन्या इंजिनावर या काळात करावयाचा हा सर्वांत आवश्यक आणि बहुधा सर्वांत कमी खर्चाचा बदल आहे.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तिकेतील तपशील आणि निर्मात्याचे मूळ तपशील यांत फरक पडेल असा बदल वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात हीच भूमिका स्पष्ट केली. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. आवाज आणि धुराच्या उल्लंघनासाठी कलम १९० अन्वये तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंडाची आणि परवाना तीन महिन्यांसाठी अपात्र ठरण्याची तरतूद आहे.

याचा व्यवहारातील अर्थ असा : मूळ मापाच्या मर्यादेत केलेली दुरुस्ती, मूळ प्रकारचे भाग आणि देखभाल यांना अडचण नाही. ३५० सीसीच्या गाडीला ५०० सीसीचा सिलिंडर बसविला, तर नोंदणी पुस्तिकेतील क्षमता खोटी ठरते. इंजिनच बदलायचे असल्यास आधी प्रादेशिक परिवहन कार्यालयाची परवानगी घ्यावी, कारण इंजिन क्रमांक नोंदणीचा भाग आहे.

जुन्या गाडीला आणखी दोन टप्पे ओलांडावे लागतात. खासगी वाहनाची नोंदणी १५ वर्षांसाठी असते. त्यानंतर तपासणी करून ती पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते. दुचाकीच्या या नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ३०० वरून १,००० रुपये झाले आणि २० वर्षांवरील वाहनांसाठी २०२५ मध्ये ते आणखी वाढले. दुसरीकडे, ५० वर्षांहून जुन्या वाहनांसाठी केंद्राने २०२१ मध्ये 'व्हिंटेज' नोंदणीचे नियम केले. त्यासाठी वाहन मूळ स्वरूपात असणे आवश्यक आहे. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल केलेले वाहन पात्र ठरत नाही. आजोबांच्या बुलेटचे इंजिन कापण्यापूर्वी हा नियम जरूर वाचावा. आज काढून टाकलेला मूळ कार्बोरेटर किंवा सायलेन्सर भंगारात न देता जपून ठेवणे त्यामुळे हिताचे.

ताकदीआधी ब्रेक

अमरावती आणि अकोला यांदरम्यानच्या राष्ट्रीय महामार्ग ५३ वर लोणी ते माना या टप्प्यात जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अंथरला गेला आणि त्याची नोंद गिनेस बुकात झाली. रस्ता सुधारला की वेग वाढतो. ताशी ८० ऐवजी १०० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीत दीडपटीहून अधिक गतिज ऊर्जा असते आणि ती सारी ब्रेकना जिरवावी लागते. जुन्या बुलेटला पुढे-मागे ड्रम ब्रेक असतात, तर १२५ सीसीवरील सर्व नव्या दुचाकींना एप्रिल २०१९ पासून चाक न अडकू देणारी ब्रेक-व्यवस्था बंधनकारक आहे. त्यामुळे जुन्या गाडीसाठी ठरविलेल्या रकमेतून पहिला वाटा ब्रेकचे लायनर, केबल, टायर आणि चाकाचे बेअरिंग यांसाठी काढून ठेवावा; उरलेल्यातून इंजिनाचे काम करावे.

थोडक्यात

- कास्ट आयर्न बुलेट : आधी दाबाची तपासणी, मग ठिणगी, कार्बोरेटर, हेड, रिबोअर सर्वांत शेवटी.
- यूसीई इंजिन : व्हॉल्व्हची व्यवस्था तेलाच्या दाबावर चालते, म्हणून स्वच्छ तेल आणि चांगली गाळणी यांवर खर्च करावा.
- आरएक्स १०० : मूळ सिलिंडर कापू नये, सील आणि रीड व्हॉल्व्ह तपासावेत.
- भारत स्टेज-६ गाडी : सायलेन्सर, उत्प्रेरक आणि संगणकाला हात लावू नये; नियमित देखभाल पुरेशी आहे.
- २० टक्के इथेनॉल : जुन्या गाडीची नळी, रबर आणि जेट बदलणे टाळू नये.
- कोणताही बदल : नोंदणी पुस्तिकेशी जुळतो का ते पाहावे, विमा कंपनीला कळवावे आणि काढलेले मूळ भाग सांभाळून ठेवावेत.

मर्यादित पैशांत सुरुवात करणाऱ्याने आधी गाडी मूळ स्थितीत आणावी आणि किमान एक उन्हाळा व एक पावसाळा ती तशीच चालवून पाहावी. त्यानंतरही ताकद कमी वाटली, तर कोठे कमी पडते हे तोवर नेमके कळलेले असते, आणि मिस्त्रीला काय सांगायचे हेही.